अक्षीच्या किनाऱ्यावर संध्याकाळचे कुरव

अलिबागजवळच्या अक्षीला हिवाळ्यात कुरवांचे, म्हणजे सीगलचे थवे बघायचे तर सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोहोचा. भरती चढत असेल तर उत्तमच, थवा आपोआप जवळ सरकतो. मावळतीचं ऊन समुद्राकडून थेट डोळ्यांत येतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात; म्हणून किनाऱ्याच्या कडेकडेने, उत्तरेला किंवा दक्षिणेला बघत उभे राहा. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, अशा दोन्ही जातींच्या कुरवांची थंडीत डोकी पांढरी, डोळ्यामागे नुसता काळसर ठिपका. त्यामुळे ओळख पटते ती उडताना: पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असला तर तपकिरी डोक्याचा कुरव, पुढची कड पांढरी असली तर काळ्या डोक्याचा. जवळ जाताना पक्ष्यांनी माना उंचावल्या की तिथेच थांबा. आणि कृपा करून शेव-गाठ्या टाकू नका.