तर्कशास्त्र मागे ठेवलं आणि कांट अंगावर आला

पदवीला तत्त्वज्ञान घ्यायचं ठरवून पहिल्या वर्षाचा विषयांचा फॉर्म भरला तेव्हा माझ्यामागे रांगेत बारा-पंधरा जण होते आणि सिन्नरची एसटी चुकेल ही धास्ती होती. तर्कशास्त्रापुढची चौकट मी कोरी ठेवली. दहावीत बीजगणिताने छळलेलं, त्यात एक सीनियर दादा म्हणाला, "लॉजिक नंतर बघ, आधी स्कोअरिंग उचल." दादाचा स्वतःचा लॉजिकचा पेपर राहिला होता, हे दिवाळीनंतर कळलं.

मेजर, मायनर, क्रेडिट यांची आकडेमोड तुम्ही करालच. आमच्या वेळी स्पेशल-जनरल होतं. नावं बदलली, तर्कशास्त्र मागे ठेवण्याचा खड्डा तोच आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदेचं पाणी चढतं आणि अख्खं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, गुडघ्याला आलं की कमरेला. आता हे बघा : विसर्ग वाढला तर पाणी चढतं. पाणी चढलंय. म्हणजे विसर्ग वाढलाय. बरोबर वाटतं ना? चूक आहे. धरणाच्या खाली, शहरातच धो धो कोसळला तरी नाले भरून पाणी चढतं. जर-तर विधानात पूर्वांगावरून ('जर'चा भाग) उत्तरांगाकडे ('तर'चा भाग) जाता येतं, उलटं नाही. आणि असं विधान खोटं ठरतं ते एकाच परिस्थितीत : पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं. सत्यता-कोष्टकाच्या (खऱ्या-खोट्याच्या सगळ्या जोड्या मांडणारा तक्ता) बाकी तिन्ही ओळींत ते खरंच. विसर्ग वाढलाच नाही, तरीही विधान खरं! हे पचायला मला आठवडा लागला. तुम्हालाही लागू दे.

एवढ्याशा गोष्टीचं काय, असं वाटेल. दुसऱ्या वर्षी न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेच्या, पेपरात मी ठोकून लिहिलं, "जिथे अग्नी तिथे धूर." सरांनी समासात एकच शब्द लिहिला : "गोळा?" तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं इंधन लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, या जादा अटीला उपाधी म्हणतात. व्याप्ती, म्हणजे 'हे असेल तिथे ते असतंच' हा संबंध, धुराकडून अग्नीकडे जाते, उलट नाही. दुतोंड्या मारुतीचीच चूक, फक्त धोतर नेसून आलेली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे अनुमानाचे पाच अवयव मला तोंडपाठ होते. उपयोग शून्य.

तिसऱ्या वर्षी जर्मन तत्त्वज्ञ कांट आला. त्याच्या १७८१च्या ग्रंथात बुद्धीची बारा पदार्थ-रूपं (कॅटेगरीज) येतात, ती तो विधानांच्या बारा तार्किक प्रकारांवरून काढतो. विधानांचे प्रकारच माहीत नसलेल्या मुलीने काय करावं? मी गाईड पाठ केलं. पास झाले. आजही कोणी कांटविषयी विचारलं की पोटात गोळा येतो, आणि तो लोखंडाचा नसतो.

म्हणून पर्याय असेल तर तर्कशास्त्र पहिल्याच वर्षी घ्या. 'नंतर' नाही. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या आधी कांट नको. कांट आणि शांकर वेदान्त एकाच सत्रात घेऊ नका, दोघेही पूर्ण माणूस मागतात.

घाबरू मात्र नका. मी पदवीनंतरच्या उन्हाळ्यात तर्कशास्त्र पहिल्यापासून केलं, रोज दहा उदाहरणं, वहीत, पेनाने. दोन महिन्यांत जमलं. गणिताची भीती इथे फारशी आड येत नाही. भाषा नीट वाचता आली की निम्मं काम होतं.

क्लासवाले सांगतात, यूपीएससीला तत्त्वज्ञान घ्या, सिलॅबस छोटा. अडीचशे गुणांचे दोन पेपर आहेत, आणि सिलॅबस छोटा आहे हे खरंच. पण छोटा म्हणजे सोपा, ही पुन्हा पाणी चढलंय वाली उडी झाली. अख्खा सिलॅबस एका बैठकीत उरकणाऱ्या वन-शॉट व्हिडिओंबद्दल मी बोलतच नाही. मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका. तुमचं एक पान वाचून त्यावर लाल पेन चालवणारं माणूस शोधा. अशी माणसं कमी असतात, आणि ती बहुधा चिडकी असतात.

मराठी माध्यमातल्यांनी पहिल्या दिवसापासून संज्ञांची वही घालावी : अनुभवपूर्व म्हणजे अ प्रायोरी, अशी. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' ग्रंथालयात मिळाला तर सोडू नका. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे बसायची सवय लावा.

आणि प्रवेशाआधी विचारा : तिसऱ्या वर्षापर्यंत तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून चालतं का, आणि विद्यार्थी कमी आले तर कोणता पेपर बंद होतो? उत्तर ऑफिसमध्ये नाही, विभागात मिळतं. फॉर्म आधीच भरून झाला असेल तर विषय बदलायची मुदत नोटीस बोर्डावर बघा आणि अर्ज लिहूनच जा. जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, खिडकी एकदा बंद झाली की लवकर उघडत नाही.