मंडळीतल्या मुलींचा शनिवारचा वर्ग: बिल्ला कोणाला आणि कशासाठी

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मुलींसाठी वर्ग सुरू करायचा म्हटलं की कमिटीत पहिली चर्चा युनिफॉर्मवर होते. फ्रॉक की सलवार-कुर्ता, पट्टा लाल की निळा. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या वर्षी युनिफॉर्म नको. खांद्यावरून घ्यायचा एक पट्टा पुरे, आणि तोही मुलीनं पहिला बिल्ला (एखादं काम जमल्याची कापडी खूण) मिळवल्यावर. आधी बघा मुली येतात का, आणि शिकवायला हो म्हणालेल्या बायका पाऊस सुरू झाल्यावरही येतात का.

आम्ही इंदूरचे. सासरची माणसं गिरणीच्या नोकरीसाठी नगरकडून इथे आली ती इथलीच झाली. घरात मराठी, उपासना हिंदीत, आणि मुली एकमेकींशी भांडतात ते शाळेच्या इंग्रजीत. पुणे-नगरच्या मंडळ्यांतल्या बहिणी फोन करून विचारतात की तुमचा वर्ग कसा चालतो, काय काय करता. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

वय आठ ते बारा धरा. त्याहून लहान मुली रविवारच्या शाळेत रमतात, आणि बारा-तेराच्या पुढे दृढीकरणाचा (कन्फर्मेशनच्या तयारीचा) वर्ग असतो. आठ आणि बारा यांना एकत्र बसवलं तर मोठ्या कंटाळतात अशी तक्रार ऐकू येते. मोठीच्या हाताखाली एक लहान द्या, तक्रार बंद होते. मोठीला हुकूम सोडायला कोणीतरी हवंच असतं.

सगळा आराखडा स्वतः डोकं खाजवून काढायची गरज नाही. चर्चमधून मुलींचं असं काम फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये गर्ल्स फ्रेंडली सोसायटी 1875 ची, आणि गर्ल्स ब्रिगेड 1893 मध्ये डब्लिनला सुरू झालेली. ब्रिगेडचं काम चार अंगांनी चालतं: आत्मिक, शारीरिक, शैक्षणिक आणि सेवा. बायबलमध्ये लूक 2:52 काढून बघा. बारा वर्षांचा येशू ज्ञानात, शरीरानं, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला, तीच ही चार अंगं. मोठ्या संस्थेशी जोडून घ्यायचं असेल तर पाळकांकरवी (पास्टरांकरवी) पत्र लिहा. तोवर वहीत चार रकाने आखा आणि प्रत्येकात वर्षाला दोन बिल्ले ठेवा. आठ बिल्ले एका वर्षाला भरपूर झाले. काही ठिकाणी तीस-तीस बिल्ले असतात; मग ते वाटण्यातच वर्ष जातं आणि मुलीलाही आठवत नाही की हा निळा कशाचा होता.

आता मुद्द्याचं. बिल्ला मुलीला द्यायचा असतो, तिच्या आईला नाही. घरून करून आणायचं कुठलंही काम बिल्ल्यासाठी धरू नका. नाताळचा तारा घरून करून आणा म्हटलं की एक तारा असा येतो, त्याला गोंदाचा डाग नाही, कडा ब्लेडनं कापलेल्या, आणि आई दारात उभी राहून आपण काय म्हणतो ते ऐकत असते. शेजारी दुसरीचा तारा वाकडा, पाच टोकांऐवजी साडेचार. कोणाला द्याल? हा पेच येऊच द्यायचा नसेल तर काम वर्गात, आपल्या डोळ्यांसमोर. वहीत काम, तारीख आणि बघणाऱ्याची सही. सही आईची चालत नाही, हे पहिल्या दिवशी आयांना गोड बोलून सांगून टाका. नंतर सांगायला गेलात तर राग येतो.

स्वयंपाकाचा बिल्ला आमच्याकडे पोह्यांवर मिळतो. इंदूर आहे, दुसरं काय असणार! चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात मुलगी पाटावर उभी राहते. शेगडी मोठी बाई पेटवते, ती शेजारून हलत नाही, बाकी सगळं मुलीचं. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, हलक्या हातानं फिरवायचे, निथळत ठेवायचे. कोणी घरी केलंय ते इथेच कळतं. जिनं नुसतं लांबून बघितलंय ती पोहे पातेल्यात बुडवून ठेवते आणि कांदा चिरून होईपर्यंत त्यांचा लगदा होतो. लगदा झाला तर रागवायचं नाही, पुढच्या शनिवारी परत. चवीला मी मार्क देत नाही. शेगडीचं बटण आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दोन्ही बंद केले का, आणि ओटा कोणी पुसला, एवढंच बघते. वरची शेव आणि जीरावन मसाला माझ्या घरून येतो, म्हणून त्या दिवशी हजेरी चांगली असते.

शिवणाचा बिल्ला तबीथाच्या नावाचा. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय: यापोतली ही बाई वारली तेव्हा विधवा रडत आल्या आणि तिनं शिवलेले कपडे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवू लागल्या. मुलींना ही गोष्ट सांगताना मी शिवलेला एखादा कपडा हातात देते, म्हणजे ‘दाखवू लागल्या’ म्हणजे काय ते समजतं. काम दोनच: रुमालाची तुरपाई आणि शर्टाचं बटण. बटण लावताना वर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायला शिकवा. चार टाके झाले की काडी ओढून काढायची, बटण वर उचलायचं, आणि खाली राहिलेल्या ढिल्या धाग्याला तीन वेढे देऊन गाठ मारायची. असं लावलेलं बटण काजात नीट बसतं, कापड ओढलं जात नाही. परीक्षा सोपी आहे, बटण धरून ओढा. निघून आलं तर मुली स्वतःच हसतात आणि परत सुई ओवतात. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या. रविवारी त्याच सतरंजीवर मंडळी बसते.

पाठांतराबद्दल माझं मत कडक आहे. एका दमात सहा वचनं म्हणून दाखवायला लावली की हुशार मुली पुढे जातात आणि बाकीच्या शनिवारी पोट दुखतंय म्हणतात. तेविसाव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत, आठवड्याला एक घ्या. माइकवर नको, जोडीदारणीला म्हणून दाखवू दे, आणि अर्थ आपल्या शब्दांत सांगू दे. एका मुलीनं सांगितलं होतं, ‘मेंढपाळ रात्री पण मोजतो, कारण एखादी बाहेर राहिली तर?’ मी तिथेच सही केली, तिला तिसरं वचन येत नव्हतं तरी. इंदूरच्या मुलींना शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणून मराठी बायबल त्या वाचतात. फक्त मेंढपाळाचा मेंढपाल करतात. वाचू द्या.

ते वाचन वाया जात नाही. सेवेच्या रकान्यात आमचा एक बिल्ला आजींकडे जाऊन स्तोत्र वाचण्याचा आहे. चर्चपर्यंत येणं ज्यांना जमत नाही अशा मराठी म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्यात. दोन मुली आणि एक बाई, पंधरा मिनिटं, आधी फोन करून. बिस्किटांचा पुडा नेऊन फोटो काढण्याचा प्रकार आम्ही बंद केलाय. आजी ळ सुधारतात, मग मुलींना जुनी गाणी म्हणायला लावतात, मग पंधरा मिनिटांचा पाऊण तास होतो. सही आजीची.

सेवेचा दुसरा बिल्ला कोणीतरी हमखास स्वच्छतेचा सुचवतं. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत आलंय, इथल्या पोरी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकत मोठ्या झाल्यात. ओला-सुका वेगळा करणं त्यांना शिकवायला जाऊ नका, त्या तुम्हालाच शिकवतील. तुमच्या गावात हे नसेल तर जरूर ठेवा.

शैक्षणिक रकान्यात गोष्टी असतात, आणि त्या नेहमीच्याच एस्तेर-रूथच्या नकोत. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि देव म्हणतो की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पाचही जणींची नावं तिथे दिलेली आहेत. ती पाठ करायला मुलींना फार आवडतं. 2 राजे 5 मधली नामान सेनापतीच्या घरची लहान दासी घ्या, तिचं तर नावही दिलेलं नाही, पण सगळी गोष्ट तिच्या एका वाक्यावर चालते. आपल्यातल्या घ्या: पंडिता रमाबाई (1858–1922), ज्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं. मुलींना त्या संस्कृत पंडिता होत्या याचं कौतुक वाटत नाही. एक बाई भाषा शिकून पूर्ण बायबल लिहून काढते, हे ऐकून मात्र त्या गप्प होतात. मग एखादी विचारते, हातानं?

आता रुक्ष पण टाळता न येणारं. एकटी बाई मुलींबरोबर कधीच नको. दोन मोठ्या, आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात. दार उघडं. बाथरूमला मुली जोडीनं जातात. घ्यायला कोण येणार त्याचं नाव रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेलं. दुसरं कोणी आलं तर आईला फोन, मग तो कितीही ओळखीचा मामा का असेना. एखाद्या मुलीनं काही सांगितलं तर ‘घरातली गोष्ट आहे’ म्हणून कमिटीत मिटवायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कळवणं बंधनकारक आहे, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर 1098 भिंतीवर मुलींच्या उंचीवर लावा. फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे तर आईवडिलांची लेखी हो हवी. आणि शेजारपाजारच्या, दुसऱ्या धर्माच्या मुली मैत्रिणीबरोबर येऊ बघतात तेव्हा भाबडेपणा नको. मध्य प्रदेशात जबरदस्तीनं किंवा फसवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध 2021 चा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकीला त्याला न विचारता प्रार्थनेला बसवणं मला पटत नाही. आमचा वर्ग मंडळीतल्या घरांपुरता आहे. नाताळच्या फराळाला सगळ्यांना बोलावतो, आईबापांसकट.

वेळापत्रक शाळेकडे बघून आखा. आम्ही जुलैत सुरू करतो, तोवर आजोळी गेलेल्या मुली परत आलेल्या असतात. दिवाळीत सुट्टी. डिसेंबर नाताळच्या नाटिकेला जातो, त्याच्याशी भांडू नका. संवाद पाठ करणं पाठांतरात धरा, आणि पडदा शिवणं शिवणात. फेब्रुवारीत आटपा, मार्च परीक्षेचा. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला वर्ग तर सोडाच, रिक्षासुद्धा जात नाही.

बिल्ले विकत आणू नका. मी फेल्टचे पाच सेंटिमीटरचे गोल कापते, मागे बक्रम (कडक अस्तर), कडेनं काजाचा टाका, मध्ये साखळी टाक्यानं चिन्ह: मासा, सुई, पुस्तक, कढई. बक्रम ब्लाउजच्या गळ्यांतून उरतंच. सेफ्टी पिन नको, मुली उड्या मारतात आणि टोचते. बिल्ला पट्ट्यावर चार टाक्यांनी धरून घ्या. मोठ्या मुलींना शिवणाचा बिल्ला मिळाला की पुढचे बिल्ले त्याच करायला बसतात, माझं काम कमी होतं. वह्या आणि रंगीत कागद खजुरी बाजारातून एकदम आणले की स्वस्त पडतात. महिला मंडळाला वर्षातून एकदा हिशोब वाचून दाखवा, न विचारता.

बिल्ले द्यायचा दिवस उपासनेतच ठेवा, वेगळा कार्यक्रम नको. वेगळा कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुणे येतात, शाल-श्रीफळ येतं, आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत लहानग्या पेंगतात. घोषणांच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या. पाळक नाव घेतात आणि तिनं काय केलं ते एका वाक्यात सांगतात: ‘हिनं सहा आठवडे स्तोत्र वाचलं’, ‘हिनं लावलेलं बटण माझ्या कोटाला आहे.’ हे वाक्य आदल्या दिवशी लिहून त्यांच्या हातात द्या, नाहीतर सगळ्याच जणी ‘गुणी मुलगी’ होतात. पहिली-दुसरी-तिसरी काही नाही, सर्वांत जास्त बिल्ल्यांचं बक्षीसही नाही. एखाद्या आईला हे खटकतंच. तिला सांगा की तिच्या मुलीची तुलना गेल्या जुलैतल्या तिच्या मुलीशी केलीय, वही बघून घ्या.

पुढे यायला लाजणाऱ्या मुलीला ओढून आणू नका. वर्गातच पट्ट्यावर बिल्ला लावा आणि पाळकांना नाव तेवढं वाचायला सांगा. जिचा एकही बिल्ला पुरा झाला नाही तिचं नावही त्या दिवशी घ्यायचं, चालू असलेल्या कामासकट: ‘तुरपाई अर्धी झालीय.’ अर्धा रुमाल पुढच्या जुलैपर्यंत तिच्या नावाच्या पाकिटात ठेवा. घरी दिला तर आई पुरा करून टाकेल.