नेमसर्व्हर बदलताय? आधी या चुका टाळा

नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदी ठेवणारा सर्व्हर. तो बदलला की फक्त वेबसाइट हलते, असं समजून लोक सेव्ह दाबतात. प्रत्यक्षात नेमसर्व्हरच्या नावांच्या त्या दोन ओळींनी तुम्ही डोमेनची सगळी सूत्रं दुसऱ्याच्या हातात देता. साइट कुठे आहे, मेल कुठे जातो, सबडोमेन कुठे आहे, या सगळ्याचं उत्तर यापुढे नवा सर्व्हर देणार. जुन्याकडच्या नोंदी आपोआप तिकडे जात नाहीत.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं हेच झालं. भाच्याच्या मित्राने व्हिडिओ बघून नव्या होस्टिंगचे नेमसर्व्हर टाकले. संध्याकाळी साइट दिसली, सगळे खूश. ऐन सौद्यांच्या दिवसांत गुजरातच्या खरेदीदाराचा फोन आला, "शेठ, मेल परत येतोय." मेल वेगळ्या कंपनीकडे होता आणि त्याचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदी) जुन्या नेमसर्व्हरवरच राहिले होते. नव्या होस्टिंगने स्वतःचाच एमएक्स लावून ठेवलेला, तिथे मेलबॉक्स एकही नाही. माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा एमएक्स आणि एसपीएफच्या (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो, त्या) नोंदी नव्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यादीत, भरल्या, मेल सुरू झाला. पण मधले परत गेलेले मेल गेले ते गेलेच, खरेदीदारांना पुन्हा पाठवायला सांगावं लागलं. आणि मूळ गंमत अशी की फक्त साइटच हलवायची होती. साइटचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड तेवढा बदलला असता तरी भागलं असतं.

म्हणून जुन्या झोनचं पान पूर्ण कॉपी करून, सगळ्या नोंदी नव्या बाजूला भरून झाल्याशिवाय मी नेमसर्व्हरला हात लावत नाही. कंटाळवाणं काम आहे. व्हिडिओत ते दाखवत नाहीत, कारण बघणारा पळून जाईल.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक: "एक जुना, एक नवा ठेवू, सेफ राहील." यात पहिला मुख्य आणि दुसरा राखीव असं काही नसतं. दोघांपैकी कोणालाही विचारलं जातं. मग मोबाईलवर नवी साइट, दुकानातल्या वायफायवर जुनी, आणि दिवसभर फोन मला. एकाच कंपनीचे सगळे टाका.

बदल लगेच दिसला नाही म्हणून तासाभरात पुन्हा जुने टाकणारेही भेटतात. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर एनएस (नेमसर्व्हर) नोंदीचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) 172800 सेकंद, म्हणजे 48 तास असतो. तेवढा वेळ जुनं उत्तर कुणाच्या तरी कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) असू शकतं. घडीघडी बदलाल तर घोळ वाढेल. जुनं होस्टिंग तीन-चार दिवस चालू ठेवा. तिथे पैसे वाचवू नका.

बाकीच्या थोडक्यात. नेमसर्व्हर बदलायचे ते डोमेन जिथे घेतलं तिथे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नाही. त्या चौकटीत नाव लिहायचं, आयपी (आकड्यांचा पत्ता) नाही. स्वतःच्याच डोमेनवर एनएस1, एनएस2 बनवत असाल तर ग्लू रेकॉर्ड (रजिस्ट्रारकडे नोंदवलेला त्यांचा आयपी) हवाच.

डीएनएससेक (नेमसर्व्हरच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची खूण) काढा, त्याचा टीटीएल संपू द्या, मगच बदल करा. नाहीतर काहींना साइट दिसते, काहींना नाही, आणि नवशिके होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात. ही शंका आली की मी ही सही तपासणाऱ्या गूगलच्या 8.8.8.8 या सर्व्हरला विचारून बघतो. तिथून सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही, असा संदेश) आलं, तर पहिली नजर डीएसवर.