पीसीओएसमध्ये दिलेली ‘शुगरची गोळी’ कशी घ्यावी

पाळी तीन-तीन महिने येत नाही आणि लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नाही, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला डॉक्टर मेटफॉर्मिन लिहून देतात, आणि ‘ही तर शुगरची गोळी’ असे मेडिकलमध्ये कळताच घरात घबराट होते. साखर नसतानाही ही गोळी देण्याला कारण आहे. पीसीओएस म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर न फुटण्याचा आजार; तो असलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या शरीरावर इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाचा, परिणाम नीट होत नाही, त्यामुळे ते जास्त तयार होते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते, बीज पूर्ण वाढून फुटत नाही आणि पाळी लांबते. मेटफॉर्मिनने इन्सुलिन कमी झाले की काही जणींचे बीज पुन्हा फुटू लागते.

काही जणींचेच, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत 626 स्त्रियांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर 7.2 टक्के, तर बीज फुटण्यासाठीच्या क्लोमिफीन या औषधावर 22.5 टक्के स्त्रियांना मूल झाले. आज बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. म्हणून मूल लवकर हवे असेल, तर वर्षभर नुसती मेटफॉर्मिन गिळत बसण्यापेक्षा लेट्रोझोलबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि त्याच फेरीत नवऱ्याच्या वीर्याचीही तपासणी करून घ्यावी. ती राहून जाते आणि दोष मात्र बाईच्या पदरी येतो.

सुरुवात बहुधा 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीने होते आणि मात्रा एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तशी वाढवली जाते. ती उपाशीपोटी घेऊ नये. रात्रीची भाकर-वरण अर्धे खाऊन झाल्यावर घेतलेली चांगली. पहिले काही दिवस मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळपासून वावरात असणाऱ्या, जिथे शौचालय नसते अशा बाईने तिसऱ्याच दिवशी गोळी सोडून दिली, तर तिला दोष देता येत नाही. मात्र सोडण्याआधी हळूहळू विरघळणारी गोळी मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे. ही गोळी चावू किंवा तोडू नये. शौचात तिचे रिकामे टरफल दिसले तरी औषध वाया गेले असे नसते. उन्हाळ्यात जोराचे जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले, तर मात्र गोळी थांबवून दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास तो आधीच सांगावा.

सर्वांत जास्त सांभाळायचे ते सासूबाईंच्या डब्यातील गोळीपासून. आपली संपली, त्यांचीही शुगरचीच, म्हणून एक उचलली जाते. पण मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही मिसळलेले असते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एकदम खाली येत नाही, ग्लिमेपिराइडने येऊ शकते. उपवासाच्या दिवशी ती गोळी घेऊन वावरात गेलेल्या बाईला दरदरून घाम येऊन भोवळ येणे म्हणूनच शक्य आहे. स्ट्रिपवर औषधाचे एकच नाव आहे की दोन, हे मुलीकडून किंवा आशाताईकडून वाचून घ्यावे. शिवाय पायोग्लिटाझोन, डापाग्लिफ्लोझिन, सेमाग्लुटाइड ही मधुमेहाची औषधे गर्भारपणात चालत नाहीत; सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.

मेटफॉर्मिन अनेक महिने चालली तर शरीरातील बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते. जे घर माळकरी आहे आणि दूधही बेताचेच येते, तिथे हा धोका अधिक. हातापायांना मुंग्या येत असल्यास बी-12ची तपासणी मागून घ्यावी.

पाळी नियमित नसल्याने दिवस गेल्याचे उशिरा कळते. शिवाय बीज फुटू लागल्यावर पहिली पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो. म्हणून पाळी लांबली की आशाताईकडील ‘निश्चय’ किटवर लघवी तपासावी आणि होकारार्थी आल्यास मेटफॉर्मिन स्वतःहून चालू-बंद न करता डॉक्टरांना विचारावे. मूल हवे असेल, तर फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करावी, आणि इतक्यात मूल नको असेल, तर पाळी येत नाही या भरवशावर न राहता गर्भनिरोधक वापरावे.