वर्षावनातले प्राणी हातकामातून शिकवताय? या चुका टाळा

जून लागला की कोल्हापुरातल्या बालवाड्यांतून आणि छंदवर्गांतून एक विषय हमखास निघतो: वर्षावन. बाहेर पाऊस, आत पोरं, काढा रंगीत कागद! मीही गेली नऊ वर्षं रविवारचा वर्ग घेते, चार ते सात वयाची वीसेक मुलं असतात. खालच्या बहुतेक चुका आधी मी स्वतः केल्यात, मग दुसऱ्यांच्या दिसायला लागल्या.

पहिली चूक जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात माझंच नाक कापलं गेलंय. सुरुवातीच्या वर्षी मोबाइलवर घाईघाईत शोधून मी मुलांना सांगितलं की स्लॉथ (फांदीला उलटा लटकणारा तो सुस्त प्राणी) म्हणजे अस्वल. चॉकलेटी कागदाची अस्वलं केली, दोऱ्यानं फांदीला उलटी टांगली, पालक खूश. त्याच हिवाळ्यात सगळी वरात दाजीपूरला गेली. गव्यांबद्दल सांगून झाल्यावर वाटाड्या म्हणाला, इथं अस्वलंबी आहेत. एका चिमुरडीनं लगेच मान वर केली, "काका, कुठल्या झाडाला लटकत्यात?" तो म्हणाला, "बाळा, अस्वल वारुळं उकरतंय, लटकत न्हाई." "पण ताईंनी सांगितलंय!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. परतीच्या वाटेवर मी गाडीच्या खिडकीतून बाहेरच बघत होते.

घोळ नावाचा आहे. आपल्या अस्वलाला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याला चक्क स्लॉथच्या गटात घातलं होतं. गट पुढे बदलला, नाव चिकटलं ते चिकटलंच. शॉसाहेबांचीही हीच गत झाली, तेवढाच मला दिलासा.

खरा स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, म्हणून तो हिरवट दिसतो. शी करायला साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून खाली उतरतो (हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं वर्ग हातात राहत नाही, तयारी ठेवा). आता मी गोणपाटाचे धागे उसवून त्याचे केस करते आणि वर हिरव्या रंगात बुडवलेला स्पंज थापायला लावते. नखांना खराट्याचे हीर, भिजवून वाकवलेले. स्लॉथ दोन बोटांचा की तीन बोटांचा, ते पुढच्या पायांवर ठरतं, मागच्या पायांना सगळ्याच स्लॉथना तीन असतात. प्रत्येक वस्तूत प्राण्याची एक तरी खरी गोष्ट मुलाच्या हातून झाली पाहिजे, नाहीतर तो नुसता चिकटवाचिकटवीचा तास.

टूकान या मोठ्या चोचीच्या पक्ष्याला धनेश म्हणून खपवणं हा याच घोळाचा धाकटा भाऊ. टूकान अमेरिकेतला, धनेश आशिया-आफ्रिकेतला, आपल्या सह्याद्रीतलासुद्धा. मला विचाराल तर धनेशच करा. मादी ढोलीत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला भरवतो. कागदी कपाला उभी चीर पाडा, एकानं आत बोटाची चोच धरायची, दुसऱ्यानं मनुका भरवायचा. मनुके जास्तीचे आणा.

सिंह, जिराफ, झेब्रा यांना वर्षावनात घुसवू नका. अमेझॉनमध्ये वाघही नाही, तिथं जग्वार. त्याच्या ठिपक्यांना भेंडीचा ठसा झकास उठतो, मात्र काही ठशांच्या आत काडीनं टिंब द्या. टिंबच नसेल तर तो बिबट्या झाला.

निळं मॉर्फो फुलपाखरू दोन्ही बाजूंनी निळं रंगवू नका. पंख मिटले की ते तपकिरी दिसतं.

चमकी आणू नका. बस.

माझ्या खरं डोक्यात जाते ती मोठ्यांची लुडबुड. तास संपताना आया येतात आणि "अगं, डोळा इथं नाही, इकडे" म्हणत सगळं सरळ करून टाकतात. एकदा चोवीस पोपट अगदी साच्यातून काढल्यासारखे निघाले, त्यांतला एकही मुलाचा नव्हता. कापून तयार तुकड्यांची पाकिटं मिळतात, तीही याच जातीची. वेळ वाचतो म्हणे! वाचवून करायचं काय? मी नमुना एकदा दाखवते आणि कपाटात कुलूपबंद करते. वाकडी चोच वाकडीच घरी जाते. कुणी तक्रार केली तर मी चहा विचारते.

जुलैत डिंक वाळत नाही, हे नव्यांना कुणीतरी सांगा. ओल्यावर रंग फासला की लगदा. मी या रविवारी चिकटवते, पुढच्या रविवारी रंगवते. कणकेची खळ वापरणार असाल तर त्याच दिवशी संपवा, पावसाळ्यात तिला बुरशी धरते.

शेवटी चपलांच्या खोक्याचं जंगल. त्याचे मजले पाडताना सगळीकडे सारखाच हिरवा लावू नका. अगदी वर मोजकी उंच झाडं, खाली पानांचं दाट छत, मग झुडपं, आणि तळाला अंधार, कारण तिथं ऊन जेमतेम पोचतं. गेल्या वर्षी एका पोरानं तळमजल्याला काळ्या कागदाचा पडदा लावला. विचारलं तर म्हणाला, "ताई, इथं लाईट गेलीय." ते खोकं मी अजून कपाटावर ठेवलंय.