धामापूरला यायचं तर मुक्कामाला या

मालवणला निघालेल्या गाड्या धामापूरच्या तळ्यावर थांबतात त्या जेमतेम वीस मिनिटं. देवीला नमस्कार, पाण्याकडे पाठ करून फोटो, की चालले तारकर्लीला. बरोबर कोणी असलं की मी आधीच सांगतो, एक रात्र ठेवा हाताशी. तळं वीस मिनिटांत बघून होतं, त्याच्या भोवतालचं रान होत नाही.

या रानाशी माझं जरा घरचं नातं आहे. बाबा तोडीवर जायचे. ठेकेदार कोणाचं तरी मालकी रान घ्यायचा, बाबा आणि त्यांचा जोडीदार करवतीची दोन टोकं धरून दिवसभर ओढायचे, ओंडके ट्रकातून वखारीला जायचे. किंजळ, ऐन, कधी जुना आंबा. आता आमच्या घरात ते काम कोणी करत नाही. करवत माळ्यावर आहे, मूठ वाळवीने खाल्ली.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. तिथून नेरूरपारमार्गे मालवणला जाणारी एसटी धरा आणि कंडक्टरला ‘धामापूर, तळ्याकडे’ एवढं सांगा. कर्ली नदीवरचा पूल आला की सामान आवरायला घ्यायचं. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरता उतरताच विचारून ठेवा. ती चुकली तर रिक्षावाला म्हणेल तो दर.

दिवस दिवाळीनंतरचे ते फेब्रुवारीपर्यंतचे. पावसात तळं देखणं दिसतं, पण चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणूस सरळ खाली जातो. मे महिन्यात येणाऱ्यांना मी अडवत नाही, पण दुपारी बाराला मला रानात न्यायला सांगू नका. त्या वेळेला पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी बघा, चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी.

सकाळी साडेसहाला बांधावर हजर राहायचं. दोन डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवून हे तळं केलंय, १५३० मध्ये, विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने. म्हणजे ज्याला सगळे निसर्ग निसर्ग म्हणतात तो माणसाच्या हातचा आहे आणि त्याच्या पाटाच्या पाण्यावर खालची शेती उभी आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांत घेतलं. बांधावर बोलू नका. थोड्या वेळाने डोक्यावरून कोणीतरी सूप पाखडत गेल्यासारखा आवाज येतो, तो धनेश पक्ष्याच्या पंखांचा. पाणकावळे खुंटावर पंख उघडून वाळत बसलेले असतात. स्पीकर आणलात तर यातलं काहीच दिसणार नाही, आणि मीही दिसणार नाही.

मग रानाची वाट. गावातला माणूस बरोबर घ्या, कारण बरंचसं रान मालकीचं आहे आणि विचारल्याशिवाय घुसणं बरं नाही. ऐन ओळखायला सोपा, साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली. किंजळ हिवाळ्यात लांबूनच कळतो, फळांनी सगळा तांबूस होतो. पण मला दाखवायचा असतो तो किंजळाचा खुंट. गुडघाभर उंच, वरचा काप काळा पडलेला, मध्यभागी कुजून वाटीएवढा खड्डा, त्यात पावसाचं पाणी आणि चार मुंग्या. त्याच खुंटाच्या कडेने पाच सोट वर गेलेत, प्रत्येक मांडीएवढा जाड. तुम्ही ज्याला दाट जंगल म्हणता त्यातली कितीतरी झाडं अशी एका बुडख्यावर पाच-पाच आहेत. बाबा असला खुंट बघून सांगायचे, काप तिरका आहे, घाईत पाडलंय.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, मोजे. जानेवारीपासून पुढे गोचिडी असतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाचे रोगी सापडलेत, तेव्हा घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, अंग नीट तपासा आणि नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरला सांगा. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही.

पाण्यात उतरायचं नाही, हे वेगळं सांगतो. मालवण शहराला इथलं पाणी जातं, आणि देवीचं तळं आहे. पूर्वी लग्नकार्याला दागिने नसले की परडीत फुलं ठेवून ती पाण्यात सोडायची, परडी बुडून दागिने घेऊन वर यायची, काम झालं की परत करायचे. एकाने ठेवून घेतले आणि देणं बंद झालं, असं सांगतात. तिसरं कारण म्हणजे गाळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, कडेची माती वर सुकून तडकते, वाटतं घट्ट आहे. एकदा फोटोसाठी मीच दोन पावलं पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत. चप्पल अजून तिथेच आहे. शेजारची मावशी वरून ओरडत होती, “मेल्या, देवीन दागिने देवचे बंद केल्यान, तुझा चप्पल खंयसून देतली?”

जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं, इथे हॉटेलांची रांग नाही. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ हवी असेल तर आदल्या दिवशीच बोला, वाटाणे रात्री भिजत घालायचे असतात आणि पीठही आंबायचं असतं. आयत्या वेळी मागाल तर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. माझं विचाराल तर बांधावरून आल्यावर तीच बरी लागते.