बेसबॉलवाल्या मुलांना क्रिकेट शिकवताना

जपानमध्ये क्रिकेट सुरू करायचं म्हटलं की लोक आधी मैदान शोधत फिरतात. तोचिगी प्रांतातल्या सानो शहराला बंद पडलेल्या हायस्कूलच्या जागेवर चांगलं मैदान मिळालं, पण प्रत्येक गावाचं नशीब तसं नसतं. प्राथमिक शाळेचा ४५ मिनिटांचा पी.टी.चा तास आणि मातीचं पटांगण एवढ्यावर भागतं. टोकियोतल्या भारतीय इंजिनिअरांचा रविवारचा संघ बदल्या झाल्या की पांगतो. शाळेतल्या बाईंनी हातात घेतलेला खेळ टिकतो. म्हणून पहिले दोन तास आपण घ्यावेत, तिसरा बाईंना घेऊ द्यावा.

३२ मुलांसाठी दोन खेळपट्ट्या आखा. सामान: प्लॅस्टिकच्या ४ बॅटी, बैठकीवर उभे राहणारे स्टंपचे ४ संच, मऊ रबरी चेंडू ६, शंकू १६. लेदरचा चेंडू पहिलं वर्षभर आणूच नये. तो आला की पॅड, हेल्मेट आणि पालकांची काळजी सगळं मागोमाग येतं. दहा वर्षांच्या मुलांना २०.१२ मीटरची पूर्ण खेळपट्टी झेपत नाही. चेंडू पोचत नाही म्हणून पोरं फेकायला लागतात. १४ मीटर पुरे.

प्रत्येक संघात आठ जण, म्हणजे चार जोड्या. जोडीला दोन षटकं, षटक चारच चेंडूंचं, प्रत्येकाने एक षटक टाकायचं. गोलंदाजी एकाच टोकाकडून, म्हणजे टोकं बदलण्यात वेळ जात नाही. वाईडला दोन धावा द्या, पण चेंडू पुन्हा टाकायला लावू नका, नाहीतर एकाच षटकात तास संपतो. धावफलक १०० पासून सुरू करा. आऊट झालं की पाच धावा वजा, फलंदाज मात्र तिथेच. पहिल्याच चेंडूवर बाद होऊन बाजूला बसलेलं मूल पुढच्या आठवड्यात येत नाही.

खरी कसरत बेसबॉलच्या सवयींशी. झेल आणि लांबून फेक या मुलांना आधीच येते, तिथे वेळ घालवू नका. पण चेंडू मारला की ती बॅट टाकून पळतात, आणि चेंडू कुठेही गेला तरी पळतात. यावर उपाय रिले शर्यतीचा: हातात बॅट, ओळीपलीकडे ती टेकवायची, मग वळायचं. शेवटी ‘नको’ म्हणून जोडीदाराला थांबवायला शिकवा. धाव नाकारता येते हेच त्यांना नवीन असतं.

दुसरी सवय, मागे गेलेला फटका फाऊल (बेसबॉलमध्ये हद्दीबाहेरचा फटका) समजणं. यष्टिरक्षकाच्या दोन्ही बाजूंना शंकूंची दारं लावा, त्यातून चेंडू गेला तर दोन धावा जादा. दोन दिवसांत पोरं मागे मारायला लागतात.

गोलंदाजीत कोपर वाकतोच. आधी जागेवर आडवं उभं राहून, हात सरळ ठेवून कानाजवळून फिरवायचा. मग एक पाऊल, मग तीन. धावत येणं सगळ्यात शेवटी, कारण धावायला लागलं की हात पुन्हा पिचरचा, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचा, होतो. स्टंपांपुढे तीन मीटरवर चुन्याची रेघ ओढा आणि चेंडू तिच्या अलीकडे टप्पा घेऊ दे म्हणा. ‘लेंग्थ’ वगैरे शब्द नंतर.

शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि तासांची आखणी त्याआधीच होते. तेव्हा मुख्याध्यापकांना हिवाळ्यातच गाठा. जून-जुलैच्या पावसात हॉल मिळतो. तिथे रेघेऐवजी चिकटपट्टी आणि रबरीऐवजी स्पंजचा चेंडू घ्या.